बिबट्यावर लिहून पोट भरेल का?

आधी पत्र थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल विषय काय चाललाय. लिहिणारी जुन्नर तालुक्यातली, वय २६, बीएस्सी झूलॉजी, सध्या चाकणला एका कंपनीत स्टोअरचं एक्सेल सांभाळते. काही वर्षं इन्स्टावर पक्षी, साप आणि मुख्य म्हणजे बिबट्या यांच्यावर मराठीत लिहितेय, लोक वाचतात, शाळांची बोलावणी येतात (फुकटची). आता तिला हेच फुलटाइम करायचंय. विचारलंय तीन गोष्टी, की अशी नोकरी खरंच असते का, इंग्रजी कच्चं असलं तर चालेल का, आणि राजीनामा टाकून एमएस्सीला जाऊ का. घरी ऊस आणि कांदा आहे. वडील म्हणाले, "बिबट्याचं पोट आपल्या शेळ्यांवर भरतंय, तुझं कशावर भरायचं?"

अगं, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. अख्ख्या पत्रात मुद्द्याचा प्रश्न त्यांनीच विचारलाय, म्हणून तिथूनच सुरू करते.

"निसर्गलेखक पाहिजे" अशी जाहिरात येत नाही. वाट बघत बसलीस तर बसूनच राहशील. ज्या पोस्ट निघतात त्यांची नावं वेगळी असतात, एज्युकेशन ऑफिसर, आउटरीच कोऑर्डिनेटर, कम्युनिकेशन असोसिएट, प्रोजेक्ट असिस्टंट, कधी नुसतंच फील्ड असिस्टंट, आणि रुजू झाल्यावर कळतं की पोस्टर, प्रेसनोट, शाळेचे कार्यक्रम, डोनरचा अहवाल, निसर्ग माहिती केंद्रातल्या बोर्डांचा मजकूर, साहेबांच्या भाषणाचे मुद्दे, सगळं तुझ्याच गळ्यात आहे कारण ऑफिसात मराठी धड लिहिता येणारी तू एकटीच आहेस. दिवसातला लिहिण्याचा वेळ फार तर दोन तास. बाकी फोन, गाडी मिळवणं, मुख्याध्यापकांची परवानगी, बॅनर छापून आणणं आणि बॅनरवर प्रमुख पाहुण्यांचं नाव चुकलं म्हणून तो परत छापणं. हे वाचून कंटाळा आला असेल तर हौस म्हणून इन्स्टा चालू ठेव, त्यात काही कमीपणा नाही. नसेल आला तर पुढे वाच.

पैसा कुठून येतो हे आधी समजून घे, कारण सगळ्या नोकऱ्यांचा स्वभाव त्यावर ठरतो. एक मोठा नळ म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत पर्यावरण, प्राणी, झाडं हे सगळं येतं. तू जिथे बसून एक्सेल भरतेस त्या चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांचाच पैसा फिरून फिरून कुठल्यातरी संस्थेच्या बिबट्या-जनजागृतीच्या प्रोजेक्टमध्ये येतो. दुसरा नळ सरकारी. आपल्याकडे सहा व्याघ्रप्रकल्प आहेत, ताडोबा, मेळघाट, पेंच, सह्याद्री, बोर आणि नवेगाव-नागझिरा, आणि प्रत्येकाचं कायद्याने एक व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान असतं, तिथे कंत्राटी माणसं घेतात. किनाऱ्यावर कांदळवन कक्ष आणि त्याचं कांदळवन प्रतिष्ठान आहे, ऐरोलीला त्यांचं केंद्र आहे, तिथे तर लोकांशी बोलणं हेच काम. तिसऱ्या म्हणजे संस्था, मुंबईची बीएनएचएस (म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची, गोरेगावला तिचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे), पुण्याचं कल्पवृक्ष, म्हैसूरचं एनसीएफ (नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन), बंगळुरूचं एट्री (पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था), अहमदाबादचं सीईई (सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन) आणि जिल्ह्याजिल्ह्यात असलेल्या छोट्या छोट्या.

या सगळ्यात एक गोष्ट कॉमन आहे, नोकरी प्रोजेक्टपुरती असते. एक वर्ष, दोन वर्षं, फार तर तीन. प्रोजेक्ट संपला की तू पण संपलीस, मग परत शोधा. सुरुवातीचा पगार तुझ्या आत्ताच्या पगाराच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, पीएफ असेलच असं नाही. घरी हे सगळं स्पष्ट सांग, "पुढे खूप स्कोप आहे" असलं काही सांगू नकोस, शेतकरी माणसाला अनिश्चित उत्पन्न म्हणजे काय हे तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता तुझ्या लिखाणाबद्दल. तू पाठवलेल्या पोस्ट सगळ्या वाचल्या. भाषा छान आहे, फोटो छान आहेत. पण बहुतेक पोस्ट अशा माणसासाठी आहेत ज्याच्या अंगणात बिबट्या येत नाही. "बिबट्या किती देखणा, किती लाजाळू, आपणच त्याच्या घरात घुसलोय" हे कोथरूडमध्ये बसून वाचायला बरं वाटतं, ओतूरच्या शिवारात जिची दोन करडं गेल्या आठवड्यात गेली तिला हे ऐकवून बघ काय म्हणते ते. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात माणसंही गेलीयेत, लहान मुलं गेलीयेत. तिथे हे काम प्राण्याचं कौतुक करून होत नाही.

मग काय लिहायचं? तुझ्याच भागातलं उदाहरण घे. लोकांची पहिली मागणी काय असते, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. हे जुन्नरमध्ये करून झालंय. २००१ नंतर इथले बरेच बिबटे पकडून दुसरीकडे जंगलांत सोडले, आणि त्यावर विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला त्यात दिसलं की आधी वर्षाला सरासरी ४ च्या आसपास असलेले माणसांवरचे हल्ले त्या काळात सरासरी १७ वर गेले. सोडलेला बिबट्या अनोळखी ठिकाणी, माणसाने पकडून त्रास दिलेला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येणारच कारण ऊस तिथेच आहे, कुत्री तिथेच आहेत. ही माहिती इंग्रजी जर्नलमध्ये २०११ ला छापून आली. तुझ्या गावात किती जणांना माहितीये? बघ विचारून. तिथपासून तुझ्या गावापर्यंतचं जे अंतर आहे ना, त्याच अंतरात तुझी नोकरी आहे.

पण हे सांगायचं कधी हा पण भाग आहे. हल्ला होऊन चार दिवस झालेत, गावाने रास्ता रोको केलाय आणि तू उभी राहून १७ आणि ४ चे आकडे सांगायला लागलीस तर मार खाशील, आणि मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. त्या दिवशी सांगायचं ते वेगळं असतं. हेल्पलाइन १९२६, पंचनामा कोण करतो, माणूस गेला तर कुटुंबाला २५ लाखांची मदत आहे ती कुणाकडून आणि कुठल्या कागदांवर मिळते, अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडायचं नाही, शेतात वाकून किंवा बसून काम करताना जोडीला कुणीतरी उभं पाहिजे, गोठ्याला वरून पण जाळी पाहिजे कारण बिबट्या उडी मारून येतो. आकडे नंतर सांगायचे, सीझन शांत असताना, चावडीवर, चहा घेत, आणि शक्यतो तू नाही, गावातलाच कुणीतरी ज्याचं ऐकतात त्याच्या तोंडून.

अजून एक बघ. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात, हे तुला सांगायला नको. मादी उसातच वितेय, तोडणी करता करता कोयता तिथे पोचतो आणि दोन-तीन मांजराएवढी पिल्लं दिसतात. पूर्वी लोक उचलून आणायचे, फोटो काढायचे, गावभर मिरवायचे. आता वनविभाग आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची टीम पिल्लं तपासते आणि संध्याकाळी त्याच जागी एका खोक्यात ठेवते, बाजूला कॅमेरा लावून, आणि आई रात्रीत येऊन एकेक करत घेऊन जाते. हे व्हिडिओ तू शेअर केलेस, लाइकही खूप पडले. पण पिल्लू पहिल्यांदा बघतो कोण? ऊसतोड कामगार. तो येतो बीडकडून, नगरकडून, तो तुला फॉलो करत नाही, त्याच्या कोपीला दार नाही, त्याची पोरं रात्री फडाच्या कडेला झोपतात, म्हणजे सगळ्यात जास्त धोका त्यालाच, आणि आजपर्यंत या विषयावर जी पत्रकं निघाली त्यातली बहुतेक बागायतदाराला डोळ्यासमोर ठेवून लिहिलीयेत. त्याच्यापर्यंत पोचायचं तर मुकादम गाठावा लागतो, कारखान्याच्या गाडीतळावर रात्री जावं लागतं जिथे बैलगाड्या नंबर लावून उभ्या असतात, आणि वाचता न येणाऱ्याला कळेल असं चित्र किंवा मोबाइलवर ऐकायची दीड मिनिटाची ऑडिओ क्लिप लागते. ती क्लिप मराठवाड्याच्या बोलीत पाहिजे, तांड्यावरचे लोक असतील तर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत पाहिजे. अशी एक क्लिप तू केलीस ना तर माझ्या दृष्टीने ती तुझ्या सगळ्या रील्सपेक्षा वजनदार. नोकरीच्या मुलाखतीतही तीच दाखव.

आणि लाइटचा विषय! बिबट्याच्या लेखात महावितरण कशाला असं वाटेल, पण शेतीपंपाला थ्री-फेज लाइट आलटून पालटून काही दिवस रात्रीची असते, मग शेतकरी रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला उसात जातो, तिथेच गाठ पडते. दिवसा वीज द्या ही मागणी तिकडे इतकी वर्षं का चाललीये ते यावरून कळेल. सौर कृषी वाहिनी योजनेत तुझ्या तालुक्यातले किती फीडर दिवसा आलेत, कुठले राहिलेत, हे शोधून लिहिलंस तर ते बिबट्यावरचंच लिखाण आहे आणि तुझ्या वडिलांच्या मित्रांना पण वाचावंसं वाटेल असं आहे. मला निसर्गावरचं लिखाण असंच आवडतं, जिथे प्राण्याबरोबर वीजबिल पण येतं. नुसतं धुकं, रानवाटा, पाखरांची किलबिल हे आता खूप झालंय गं.

बाहेरचं एक उदाहरण देते कारण ते मला फार आवडतं. आसामात हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे, मढ्यावर, कचऱ्यावर जगणारा, घाण वास येणारा, लोक अपशकुनी समजून त्याच्या घरट्याची झाडं तोडून टाकायचे. पूर्णिमा देवी बर्मन या बाईंनी कामरूपच्या गावांत बायकांना गोळा केलं, आणि पक्ष्याचं महत्त्व वगैरे भाषण न देता घरट्यांच्या सीझनला चक्क पक्ष्याचं डोहाळजेवण सुरू केलं, गाणी, जेवण, सगळं. बायका मागावर साड्यांवर, गमछ्यांवर हरगिला विणायला लागल्या, त्यातून पैसे मिळायला लागले, झाडं वाचली. २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्याकडे वेळासला कासवांचं असंच झालं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ च्या सुमाराला काम धरलं, पुढे महोत्सव आला, लोक गावात राहायला यायला लागले, घरटी सांभाळणाऱ्यांच्या घरी चार पैसे आले. दोन्हीकडे आधी लोकांचं काहीतरी जमून आलं आणि मग प्राण्याचं. तुझ्या तालुक्यात वाघोबाची, म्हणजे वाघदेवाची जुनी ठाणी असतील तर बघ, त्यांच्याबद्दल म्हाताऱ्या माणसांकडून ऐक. ठाण्यांवर स्टोरी करायची घाई करू नकोस, आधी नुसतं ऐक.

आता इंग्रजी. वाचता आलंच पाहिजे, यात सूट नाही. अभ्यास, कायदे, अहवाल सगळं इंग्रजीत आहे आणि तू ते वाचणार नसशील तर दुसऱ्याने व्हॉट्सअॅपवर टाकलेलंच परत मराठीत टाकत बसशील. लिहिण्याचं म्हणशील तर कामापुरतं, म्हणजे एक पानाचा रिपोर्ट, एक ईमेल, व्याकरण चुकलं तरी मुद्दा कळेल इतपत. तेवढं सरावाने येतं. पण इंग्रजी येत नाही म्हणून तू स्वतःला जे कमी समजतेयस ते थांबव, कारण बंगळुरू-दिल्लीत शिकून आलेली हुशार पोरं मी बघितलीयेत, इंग्रजी फाडफाड, आणि ग्रामसभेत उभं राहिलं की एक वाक्य धड बोलता येत नाही. मग ते तुझ्यासारखी कुणी शोधतात. ती शोधताना त्यांना सापडशील अशी राहा.

मराठीत नेमकं काम काय आहे म्हणशील तर दोन-तीन ठिकाणं सांगते जिथे कुणी बघत नाही. कुठलाही मोठा प्रकल्प यायचा, खाण, बंदर, कारखाना, तर जनसुनावणी होते आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत पण द्यावा लागतो. ते मराठी सारांश कधीतरी वाच. कुणी लिहिलेत कुणासाठी लिहिलेत काही कळत नाही, वाक्य संपेपर्यंत माणूस झोपतो. त्याच अधिसूचनेचा नवा मसुदा २०२० ला आला तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत, शेवटी ३० जून २०२० ला दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल आठव, सरकारकडे गेला ऑगस्ट २०११ ला, लोकांसमोर आला मे २०१२ ला, तोही इंग्रजीत, तोपर्यंत सिंधुदुर्गापासून सगळीकडे "आता घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत" ही अफवा पोचून मुरली होती, आणि अहवालात मात्र ग्रामसभांना विचारून ठरवा असं लिहिलं होतं. अहवाल बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण तो वाचून वाद घालायची संधीच गावांना वेळेत मिळाली नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे जैवविविधता नोंदवही. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही पाहिजे. हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख दंड, मग काय, घाईघाईत वह्या भरल्या गेल्या आणि कितीतरी वह्यांत शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली सापडेल. तुझ्या ग्रामपंचायतीची आहे का ते ग्रामसेवकाला विचार. असेल तर उघडून बघ. गावातली कुठली म्हातारी कुठली रानभाजी कधी आणते, कुठला ओढा मार्चपर्यंत टिकतो, कुठल्या वडावर वटवाघळं आहेत, हे त्यात आहे का? नसेल तर दुरुस्त करून द्यायला तयार आहे म्हणून सांग. पैसे मिळतील न मिळतील, पण "अमुक गावाची नोंदवही मी केली" हे सीव्हीवर लिहिलेलं कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सपेक्षा जड जातं.

एक धोक्याची गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. पत्रकारिता आणि आउटरीच ही दोन वेगळी कामं आहेत, बाहेरून सारखी दिसतात. वनविभागाच्या किंवा संस्थेच्या पगारावर असशील तर त्यांच्या चुका तू लिहू शकणार नाहीस, पिंजऱ्यात बिबट्या कसा मेला हे तुला आतून माहीत असेल आणि तुला प्रेसनोटमध्ये "उपचारादरम्यान" एवढंच लिहावं लागेल. पत्रकार असशील तर लिहू शकशील, पण मग उद्या तेच अधिकारी तुला आत घेणार नाहीत. दोन्ही कामं चांगली आहेत, दोन्ही लागतात. एकाच विषयावर दोन्ही टोप्या मात्र घालता येत नाहीत, लोकांना ते लगेच कळतं आणि मग तुझा शब्द कुणीच धरत नाही. मुंबईत २०११ पासून मुंबईकर्स फॉर एसजीएनपी (म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) म्हणून जे काम झालं त्यात वनविभाग, अभ्यासक आणि पत्रकार यांना एकत्र बसवून बोलणं केलं, त्यातून बिबट्याच्या बातम्यांचा सूर बराच बदलला, पण बातम्या शेवटी पत्रकारांनीच लिहिल्या. तुझा स्वभाव कुठला ते तूच ओळख. तुझ्या पत्रावरून मला तू भांडणारी वाटतेस, म्हणजे कदाचित पत्रकारितेची. मग मोंगाबे इंडिया (पर्यावरणाच्या बातम्यांची वेबसाइट), परी (ग्रामीण भारतावरची वेबसाइट, तिथे मराठीतही छापतात), पेपरांच्या पुरवण्या, हे सगळं बघ. पुरवण्यांचं मानधन किती आणि कधी यावर बोलून आपला रक्तदाब वाढवायला नको.

राजीनाम्याचं उत्तर, आत्ता नको. आपल्याकडे जंगलावर ज्यांना घराघरांत वाचलं ते मारुती चितमपल्ली निवृत्तीपर्यंत वनखात्याचा पगार घेत होते, नोकरी सांभाळून लिहीत होते, २००६ ला सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ ला पद्मश्री मिळाली. नोकरी म्हणजे लेखनाची शत्रू असं काही नसतं. तुझ्या एक्सेलला पण नावं ठेवू नकोस, या क्षेत्रात पिव्होट टेबल येणारा माणूस म्हणजे देव, पंचनाम्यांचा पाच वर्षांचा डेटा कुणीतरी साफ करून दिला तर संस्था हात जोडतील.

एमएस्सी करायची तर कर, पण कशासाठी ते ठरवून. संशोधनात जायचं असेल तर देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचा वन्यजीव कोर्स, प्रवेश अवघड आहे पण फॉर्म भरायला काय जातंय. पुण्यात गरवारे कॉलेजचं बायोडायव्हर्सिटी आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. नोकरी न सोडता काही करायचं तर बीएनएचएसचे ऑनलाइन कोर्स किंवा पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचा कोर्स बघ, मला विचारशील तर तुझ्यासाठी आत्ता हेच बरं. लिहायला शिकवणारा कोर्स मात्र करू नकोस, तुला लिहिता येतं.

या गळीत हंगामात मी तुझ्या जागी असते तर एकच तालुका धरला असता. जुन्नर. पक्षी, साप, फुलपाखरं सगळं बाजूला, फक्त बिबट्या आणि ऊस. रविवारी मोटारसायकल काढायची, ज्यांच्या घरी घटना झाली त्यांच्याकडे जायचं, वही काढायच्या आधी बसायचं. वनरक्षकांशी ओळख वाढव, साहेबांपेक्षा त्यांना जास्त माहिती असते आणि त्यांचं कुणी ऐकून घेत नाही. २८ फेब्रुवारीला खोडदच्या जीएमआरटीला (ती मोठी रेडिओ दुर्बीण) विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, अख्ख्या जिल्ह्यातून शाळा येतात, तिथे कुठल्यातरी शाळेला हाताशी धरून बिबट्याचा स्टॉल लाव आणि पोरं काय प्रश्न विचारतात ते सगळे लिहून काढ. तुझ्या पुढच्या वर्षाच्या लिखाणाची यादी तिथेच तयार होईल. आणि महिन्याला एक पान, छापील, फोटो कमी, जे एसटी स्टँडवर, सोसायटीत, दूध डेअरीत चिकटवता येईल. कोकणात मच्छीमाराने जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमासा जाळं कापून सोडला तर २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. एवढी एक ओळ बंदरावर नीट पोचली की कासव वाचतं. तुझ्या पानावर पण अशी एखादी ओळ पाहिजे, वाचणाऱ्याला त्याच दिवशी उपयोगी पडेल अशी.

पोस्टबद्दल थोडं कडक बोलते. घुबडाच्या ढोलीचा फोटो लोकेशनसकट टाकलायस तो आजच काढ. पिल्लू हातात धरलेल्या माणसांचे फोटो शेअर करणं बंद कर, शिव्या देऊन शेअर करणं पण बंद, कारण बघणाऱ्याला फोटोच दिसतो, शिव्या कोण वाचतं. आणि गावाचं नाव, मेलेल्या मुलाचं नाव, आईचा रडतानाचा फोटो, हे कितीही व्ह्यूज येणार असले तरी नको.

आता पैशाचं, कारण फुकटची भाषणं वाचून मला जरा रागच आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट जा, जरूर जा. पण ज्या इंटरनॅशनल स्कूलने निसर्ग दिनाला हॉल सजवून फोटोग्राफर बोलावला त्यांनी तुला पेट्रोलचे पण पैसे देऊ नयेत हे कसं चालेल? पुढच्या फोनला "मानधन किती आहे" असं सरळ विचार, गप्प राहिले तर तू पण गप्प राहा, बोलतील. पोस्टर, भाषांतर, मजकूर काहीही असो, किती पानं, किती वेळा दुरुस्ती, कधी पैसे, हे ईमेलवर घे, फोनवरचं काही धरू नकोस. अर्धे आधी माग. सीएसआरचं काम असेल तर बिल मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाक, पॅन आणि कॅन्सल चेक सोबत जोडून, कारण ३१ तारखेच्या आत त्यांच्याकडे एंट्री पडली नाही तर पुढच्या बजेटची वाट बघत तू दिवाळीपर्यंत त्याच माणसाला गुड मॉर्निंग पाठवत बसशील.